पारड्याखालचं कथील

३ फेब्रुवारी, सोमवार

बारक्या,

दोन ओळी? इतक्या वर्षांनी कार्ड टाकलंस आणि त्यावर दोन ओळी? पहिली, महिनाअखेर येतोय. दुसरी, मिस्त्रीला सांग, हात सांभाळ. ताई कशी आहेस, नाही. जिवंत आहेस का, नाही. बाबा गेले तेव्हा आला नाहीस, माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आला नाहीस, आणि आता येतोयस ते एका म्हाताऱ्याचे हात तोडायला. तिकिटाला पैसे आहेत म्हणायचे. बहिणीला भेटायला नव्हते.

मला चौथीपुढचं लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. एक पान लिहायला दुपार जाते माझी. तरी लिहिते, कारण हे बोलले नाही तर माझं डोकं फुटेल.

मिस्त्रीनं काय केलं ते मला सांगू नकोस. मी तिथंच होते. धान्याच्या व्यापाऱ्याची वजनं खालून कोरलेली सापडली आणि त्यांच्यावर तुझा ठसा होता. तू पास केलीस तेव्हा ती बरोबर होती. नंतर व्यापाऱ्याकडून पैसे घेऊन मिस्त्रीनं ती गुपचूप कोरली, आत लाख भरली आणि मापवाल्या साहेबांसमोर बोट केलं तुझ्याकडे. "बारक्याला कोरताना मी डोळ्यांनी पाहिलं." बाबांच्या काटे-वजनांच्या दुकानातला सगळ्यात जुना कारागीर, त्याच्यावर कोण अविश्वास दाखवणार? मी ओरडून सांगितलं, साहेब, कानशीचे ओरखडे बघा, उलटे आहेत, हा माणूस डावखुरा आहे. साहेब म्हणाले, बहीणच ना तुम्ही, तुम्ही असंच बोलणार. तू तुरुंगात गेलास. बाबा खुर्चीत बसले ते नीट उठलेच नाहीत.

तेव्हा राग काय असतो ते मला शिकवू नकोस. हात तोडायचे असते तर मी केव्हाच तोडले असते. त्याचं दुकान मागच्या गल्लीत आहे, मला तिकीटसुद्धा काढावं लागत नाही.

तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण ते काम घेऊन येऊ नकोस. मिस्त्रीचं मी बघते. कसं ते विचारू नकोस.

तुझी ताई

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बारक्या,

विचारू नकोस म्हटलं तर लगेच विचारलंस. लहानपणापासून तसाच.

बरं, ऐक. बाजारातले काटेवाले आजोबा आठवतात? बाबा गेल्यापासून माझे काटे तेच पास करायचे. मी काटा लावायचा, त्यांनी तपासून ठसा मारायचा. त्यांचे मी बघायची. मिस्त्रीचेही तेच बघायचे. या हिवाळ्यात आजोबांची नजर गेली. मुलीकडे राहायला गेले. जाताना ठसा धुऊन पुसून मला दाखवला आणि खिशात घातला. म्हणाले, "हा माझ्याबरोबर पुरा म्हणावं."

म्हणजे आता या गावात काटा ओळखणारे हात राहिले दोन. माझे आणि मिस्त्रीचे. माझे तयार काटे बिनठशाचे फळीवर पडलेत. गिऱ्हाइकं रोज येऊन कुरकुरतात. तुझे भावोजी म्हणतात, तूच मार ठसा, कोण बघतंय? ते बेकरीत पाव भाजतात. पाव ज्यानं भाजला त्यानंच चाखला तरी चालतं. काट्याचं तसं नाही हे त्यांना वीस वर्षांत मी शिकवू शकले नाही. ज्यानं काटा लावला त्यानं तो पास करायचा नाही. आपण लावलेला काटा आपल्या डोळ्याला सरळच दिसतो. बाबा हे जेवताना सांगायचे, झोपताना सांगायचे, मला तर लग्नात निरोप देताना सांगितलं.

तर गेल्या आठवड्यात एकदा मिस्त्री दारात. हातात त्याचा मोठा काटा, ज्यावर तो बाकीचे तपासतो तो, चादरीत गुंडाळलेला. पायरी चढला नाही.

"पोरी, बघतेस का? पंचवीसला मापवाले साहेब यायचेत. दुसरं कोणी उरलं नाही."

मी म्हटलं, "दुसरं कोणी उरलं असतं तर इथं आला नसता, माहीत आहे मला. ठेवा तिथं."

"कधी येऊ न्यायला?"

"तुम्ही येऊ नका. मी पोरगी नाही आता आणि तुम्ही काका नाही. हमालाकडून पाठवीन."

पाठवला. तपासून पाठवला. पारडं थोडं जड लागलं मला, पण असो. तू काळजी करू नकोस. पंचवीस तारखेनंतर मागच्या गल्लीत एका दुकानाला कुलूप दिसेल. कोणाचे हात मोडावे लागणार नाहीत.

तू गोदामात पेट्या उचलतोस ना अजून? काट्याची सुरी, दांडी टेकते ती धारदार पट्टी, दोन बोटांनी धरणारा हात, आणि पेट्या. कर काय करायचं ते.

ताई

१० फेब्रुवारी, सोमवार

बारक्या,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे, कारण काल डोकं फिरलं.

तुला सांगितलं नव्हतं, सांगायसारखं नव्हतं. प्रभूची प्रार्थना आपण लहानपणी घोकली ना, ती चर्चमध्ये सगळे एकदम म्हणतात. त्यातली क्षमेची ओळ, आम्ही आमच्या अपराध्यांना सोडतो तसं तू आम्हाला सोड, ती आली की मी ओठ मिटते. तू तुरुंगात गेलास तेव्हापासून. बाकी सगळं म्हणते. भाकर मागते, मोहातून सोडव म्हणते, ती तेवढी ओळ ओलांडून पुढे जाते, चिखल ओलांडावा तशी. देवाशी खोटं कशाला बोलायचं? भावोजींना माहीत आहे. ती ओळ आली की ते खोकतात, माझा गप्पपणा कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. बिचारे.

काल ओठ मिटून उभी होते आणि कोण जाणे का, मागे वळून बघितलं. मिस्त्री शेवटच्या बाकावर असतो. त्याचेही ओठ मिटलेले. त्याच ओळीला. ओळ संपली आणि तो परत म्हणायला लागला. मीही लागले. सगळ्या चर्चमध्ये आम्ही दोघंच मुके.

आणि पाळकांना विषय तोच सुचला. म्हणाले, ज्यानं तुम्हाला दुखवलं त्याचा सूड तुम्ही घेऊ नका, तो न्याय देवाचा आहे, त्याच्यासाठी जागा सोडा. वैरी भुकेला असेल तर त्याला वाढा. मी बाकावर बसून कुजबुजले, वाढते हं, पोटभर वाढते. भावोजी परत खोकले.

बाहेर आल्यावर पाळकांना गाठलंच. लोक चपला घालत होते, ऐकू दे म्हटलं. "साहेब, सोडून द्या म्हणायला तुमचं काय जातं? तुमचा भाऊ नाही गेला आत."

चिडले नाहीत. म्हणाले, "सोडून दे म्हणजे त्यानं केलं ते चालेल, असं मी म्हटलं का? वाईटच झालं. देवानं बघितलंय. पण न्याय करायच्या खुर्चीत तू बसली आहेस, बाई, आणि ती तुझी नाही. तू उठलीस म्हणून ती रिकामी पडत नाही. तिच्यात बसणारा आहे."

"तुमचा देव फार सावकाश चालतो."

"चालतो खरा. पण त्याच्या हातून भलताच माणूस आत जात नाही. तुझ्या भावाचा निकाल झटपट लागला होता ना?"

उन्हाची छत्री विसरले, तशीच घरी आले. येताना वाटेत मला बाबा ऐकू यायला लागले. ज्यानं काटा लावला त्यानं तो पास करायचा नाही. पाळकांना काट्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि बोलले ते बाबांचंच. माझ्या दुःखाचा काटा मी लावलाय, मग त्याच्यावर ठसा मीच कशी मारणार? मला तो सरळच दिसणार.

आता ऐक काय केलंय मी. मिस्त्रीच्या काट्याच्या उजव्या पारड्याखाली, साखळीच्या कडीच्या आड, कथलाचा एक थेंब दिलाय. वाटाण्याएवढासुद्धा नाही. वरून दिसत नाही. पण साहेबांचं खरं वजन टाकलं की काटा झुकणार. आणि मी नुसता थेंब दिला नाही, वर माझा ठसाही मारलाय, बरोबर आहे म्हणून. साहेब विचारतील तर मी म्हणणार होते, मी दिला तेव्हा नीट होता, मागाहून त्यानंच केलं असेल, सवय आहे त्याला.

अजून काढलेला नाही. काढीन असंही म्हणत नाही. नुसतं सांगितलं.

ताई

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बारक्या,

तुझं कार्ड आलं. "शाबास ताई. बाबा असते तर खूश झाले असते."

वाचलं आणि कार्ड उलटं करून ठेवलं. हातातली कानस खाली ठेवली आणि काम तिथंच थांबवलं.

दुसरं काहीही लिहिलं असतंस तर चाललं असतं. मूर्ख म्हणाला असतास, तू त्याच्या बाजूची झालीस म्हणाला असतास, मी तुला चार पानं शिव्या घातल्या असत्या आणि थेंब तसाच राहिला असता. पण शाबास म्हणालास आणि वर बाबांना आणलंस. मग बाबाच डोळ्यांसमोर आले. खुर्चीत बसलेले, ते कोरलेलं वजन हातात, अंगठ्यानं त्याचं पोट चाचपत. मला म्हणाले होते, "पोरी, चोरी केली ती केली. पण आपल्या दुकानाच्या ठशाखाली केली."

आणि मी काय केलं? पारड्याच्या पोटाखाली लपवलं, वर आपल्या दुकानाचा ठसा मारला आणि बोट दुसऱ्याकडे करायचं ठरवलं. मिस्त्रीनं लाख वापरली, मी कथील. एवढाच काय तो फरक, बारक्या, दुसरा मला दिवसभर शोधून सापडला नाही. मी त्याच्यावर सूड घेत नव्हते, मी मिस्त्री होत होते. त्याच्याहून सफाईदार.

तू त्याचे हात तोडलेस तर काय होईल ते सांगू? तू आत जाशील, आणि या वेळी खरोखरीच्या गुन्ह्यासाठी. ज्यांनी तेव्हा म्हटलं की बारक्या तसलाच आहे, ते सगळे खरे ठरतील. इतकी वर्षं मी गावात मान वर करून चालले ती एकाच गोष्टीवर, माझ्या भावानं काही केलेलं नाही. तेवढं माझ्याकडे आहे. ते तू येऊन माझ्याकडून काढून घेणार आहेस का?

रागावून कार्ड टाकू नकोस. जरा थांब. मी मागच्या गल्लीत जाऊन येते.

ताई

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बारक्या,

जाऊन आले. शनिवारी दुपारी गेले. नंतर दोन दिवस लिहायला बसले की नाक वाहायला लागायचं, म्हणून उशीर.

त्याच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले. आपल्याकडच्या फळीसारखी फळी, आपल्याकडच्यासारखे खिळ्यांना टांगलेले काटे, लहान-मोठे चढत्या रांगेनं. बाबांची शिस्त. डोळे मिटले तर वाटावं बाबा आत तेल आणायला गेलेत. तो स्टुलावर बसून एक छोटी साखळी जोडत होता. हात थरथरतात रे त्याचे. कडी तीनदा निसटली. तू कोणाचे हात तोडायला निघालास ते एकदा बघून घे.

मी म्हटलं, "तुमचा काटा परत द्या. माझ्याकडून चूक राहिली आहे."

त्यानं मान वर केली नाही. "उजव्या पारड्याखालची ना?"

मी दार लोटून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोरी, कथलाचा डाग द्यायला तुला कोणी शिकवलं? आला त्याच दिवशी बघितलं. डाग छान दिलायस. कडीच्या आड, अगदी पातळ."

"मग काढला का नाहीत?"

तेव्हा त्यानं साखळी खाली ठेवली. "म्हटलं, आलं एकदाचं. जे माझ्याकडे यायचं होतं ते आलं. बारक्याला मिळालं तसंच मिळतंय, न केलेल्या लबाडीबद्दल. मी काही बोलणार नव्हतो साहेबांपुढे."

बारक्या, हेच तर मला हवं होतं ना? इतकी वर्षं हेच मागत होते. हातात आलं, आणि नकोसं झालं. उलट असा संताप आला की काही विचारू नकोस. ओरडलेच त्याच्यावर. "मी कोण तुम्हाला शिक्षा पोचवणारी? आणि तुम्ही कोण ती गुपचूप गिळणारे? तुम्ही गिळलीत म्हणून माझा भाऊ सुटतो का? तुमचं दुकान बंद पडलं की बारक्याच्या नावावरचा डाग जातो का? मला तुमचं कुलूप नको, मिस्त्री. मला तुमचं तोंड उघडायला हवंय."

साखळी उचलून खिळ्याला टांगली. मग विचारलं, "बारक्या कसा आहे?"

"तुम्हाला विचारायचा हक्क नाही."

"नाही," म्हणाला. आणि रडला नाही बरं का. रडला असता तर मी उठून आले असते. डोळे कोरडे ठेवून म्हणाला, "पाळकांना सांगितलंय मी. मागच्या पावसाळ्यात. ते म्हणाले, मला सांगून भागत नाही, जिथं खोटं बोललास तिथं जाऊन खरं बोल. दोनदा निघालो साहेबांच्या ऑफिसात. फाटकापासून परत आलो. पाय पुढे टाकत नाहीत."

पाळकांचं पोट बघ केवढं, सगळं आत ठेवलं! मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी दारात तावातावानं भांडले, लोकांसमोर, आणि तो माणूस सगळं माहीत असून उभा राहिला. छत्री परत आणायला गेले तेव्हा त्यांना मान खाली घालून नमस्कार केला. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, छत्री."

तर मी मिस्त्रीला म्हटलं, "साहेब पंचवीसला माझ्या दुकानातही येतात. तुमचे पाय ऑफिसपर्यंत जात नसतील, पण मागच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत येतात, त्या दिवशी आले होते. यायचं. माझ्या टेबलापाशी उभं राहायचं आणि तेव्हा काय केलंत ते सांगायचं. मीही थेंबाचं सांगणार आहे. आधी मी सांगते, म्हणजे तुम्हाला एकट्याला लाजायला नको."

"येईन," म्हणाला.

येईल का? मला माहीत नाही. परत फाटकापासून फिरेलही. साहेब ऐकतील का, तुझं नाव कागदावरून धुऊन निघेल का, मिस्त्रीला शिक्षा होईल की म्हातारा म्हणून सोडतील, मला काही माहीत नाही. पूर्वी हे माहीत नसलं की मला झोप यायची नाही. आता येते. जो बघतो आहे तो बघेल. मला एवढंच कळतं की माझ्या वाटणीचं काम मी नीट करावं, आणि उरलेलं माझं नाही. रविवारी ती ओळ म्हटली. सगळी नाही, अर्धी, तू आम्हाला सोड एवढीच. भावोजी सवयीनं खोकले, मग थांबले, मग माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही पाव करपलाय.

मिस्त्रीचे ओठ बघितले नाहीत. ते त्याचं आणि देवाचं.

आता कामाचं. नीट वाच.

काटा मी उचलून घरी आणला. माझा खोटा ठसा घासून काढला. थेंब तापवून उतरवला, पारडं खरवडलं, आणि खरवडताना थोडं पितळ जास्त गेलं म्हणून दोन्ही बाजू परत जुळवायला लागल्या. सुरीला धार लावली, साखळ्या मोजल्या. आता तो माझ्या डोळ्याला बरोबर दिसतोय. आणि तिथंच अडलंय. मी लावला, म्हणजे मी पास करायचा नाही. मिस्त्रीनं स्वतःचा करायचा नाही. आजोबांना दिसत नाही. बिनठशाचा काटा साहेब मानत नाहीत, म्हणजे पंचवीसला तो माणूस तसाच बुडेल, माझ्या थेंबाशिवायसुद्धा. आणि माझे सगळे काटे फळीवर आहेत ते वेगळेच.

तिसरा हात एकच आहे. पेट्या उचलतोय.

तुझा ठसा खणात आहे. तुरुंगातून सुटलास तेव्हा साहेबांनी तो रद्द न करता परत दिला, आणि तू अंगणात फेकून गेलास. मी उचलला. दर महिन्याला तेल लावते, एक कण गंज नाही त्याच्यावर. कशासाठी लावत होते मलाही माहीत नव्हतं.

ये. महिनाअखेर येणार होतासच, चार दिवस आधी ये. हातात काही घेऊ नकोस. आलास की आधी जेव, मग टेबलाशी बस आणि मिस्त्रीचा काटा तपास. सरळ असेल तर ठसा मार, माझी भीड न धरता. वाकडा असेल तर वाकडा सांग, त्याची कीव न करता. त्याला माफ कर असं मी म्हणत नाही, मला स्वतःला अर्धीच ओळ येते. पण त्याचं बरोबर असेल तर ते बरोबर आहे एवढं म्हणू शकशील का? तुझ्या वेळी माझ्याशिवाय कोणी म्हटलं नव्हतं. तुझा हात ते विसरला नसेल तर तू अजून बाबांचा मुलगा आहेस, आणि बाकीचं सगळं होईल तेव्हा होईल.

काटा टेबलावर झाकून ठेवलाय. दोन्ही पारडी रिकामी. दुकानात कोणी शिरलं की वाऱ्यानं हलतात, परत थांबतात. मी हात लावत नाही.

शनिवारी, बावीस तारखेला, दुपारच्या टपालापर्यंत तुझं उत्तर यायला पाहिजे. हो की नाही, स्पष्ट. आणि दोन ओळी लिहिल्यास तर परत पाठवीन.

ताई